युद्धपटांतील इतिहास कसा पारखावा?

नवी मुंबई, प्रतिनिधी : ऐतिहासिक युद्धपट प्रदर्शित झाला की वादाला तोंड फुटते, हे आता नित्याचे झाले आहे. मात्र भावना दुखावणे वेगळे आणि तपशील चुकणे वेगळे. ‘छावा’ (२०२५) मधील लेझीमनृत्याचे दृश्य आक्षेपानंतर वगळण्यात आले. तो प्रश्न औचित्याचा होता. तपशिलाची चूक मात्र पुराव्याने दाखविता येते. जाणकार प्रेक्षकाने पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

वस्तू : ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या चित्रपटाच्या डिसेंबर २०२२ मधील पहिल्या झलकीत शिवकालीन झुंबरात विजेचे दिवे दिसले. शिवाजी महाराजांचे निधन १६८० मधील, तर एडिसनला दिव्याचे पेटंट मिळाले १८८० मध्ये. अंतर दोनशे वर्षांचे.

शस्त्रे : सतराव्या शतकातील तोड्याची बंदूक प्रत्येक बारानंतर पुन्हा ठासावी लागे. पडद्यावरील शिपाई न ठासता लागोपाठ बार काढू लागला, की चूक ओळखावी.

वास्तू : १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी रायगडावरील वाडे भस्मसात झाले, उरले ते चौथरे. त्यामुळे पडद्यावरील महाल हा बहुतांशी कलादिग्दर्शकाचा तर्क असतो. नितीन देसाई यांच्या कर्जत येथील स्टुडिओत घडलेल्या ‘राजा शिवछत्रपती’सारख्या मालिकांचे नेपथ्यही याच नजरेने पाहावे. पुरावाच नसेल तेथे तर्काला चूक म्हणता येत नाही.

दंतकथा : तानाजी मालुसरे यांच्या बलिदानानंतर (१६७०) कोंढाण्याला ‘सिंहगड’ नाव मिळाले, हा समज सर्वदूर आहे. परंतु ‘सिंहगड’ हे नाव १६६३ मधील पत्रातही आढळते. येथे दोष केवळ चित्रपटांचा नाही. पोवाडे आणि कथांतूनच तो समज रुजला.

आधार : चित्रपट कशावर बेतला आहे, हे श्रेयनामावलीत पाहावे. ‘छावा’चा आधार शिवाजी सावंत यांची कादंबरी आहे. कादंबरीकाराला कल्पनेची मुभा असते. तीच कल्पना पडद्यावर आली की प्रेक्षक तिला इतिहास मानतो.

याचे परिणाम गंभीर असतात. ‘छावा’तील फितुरीच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. संभाजी महाराजांच्या काळात मराठ्यांनी १६८१ मध्ये बुऱ्हाणपूर लुटले, ही घटना मात्र खरी आहे. तरीही चित्रपटानंतर मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील असीरगड परिसरात मोगलांच्या सोन्याच्या शोधात लोकांनी रात्री विजेऱ्या घेऊन शेते खणली. म्हणून घटना खरी असली, तरी तिच्याभोवतीचा प्रत्येक तपशील स्वतंत्रपणे तपासावा आणि शंका आल्यास समकालीन पत्रे व बखरी यांतील फरक ध्यानात घेऊन इतिहासाचे पुस्तक उघडावे.