रेवसच्या वाटेवरचे पाणी चौकोनी का दिसते? व्हिडिओ 'लहान' करण्याचा इतिहास (थ्रेड)

रेवस म्हटले की इतिहासप्रेमींना प्रथम आठवते ती 'रामदास' बोट. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ही बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. आजचा विषय त्याच जलमार्गावरचा, पण पुष्कळ साधा आहे.

या मार्गावरच्या लाँचमधून प्रवासी मोबाइलवर समुद्र टिपतात. मोबाइलमध्ये दृश्य स्वच्छ असते. तेच इंटरनेटवर चढवले की दूरचा द्रोणागिरीचा डोंगर बहुतांशी शाबूत राहतो, आणि लाँचच्या बाजूने उसळणारे पाणी मात्र चौकोनी ठोकळ्यांत फुटते. डोंगर टिकतो, पाणी का फुटते?

आधी हिशोब. १९२० × १०८० पिक्सेलचे चित्र, प्रत्येक पिक्सेलला २४ बिट, सेकंदाला २५ चित्रे. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. एका मिनिटाला नऊ गिगाबाइटहून अधिक. इंटरनेटवर हेच दृश्य सेकंदाला ५० लाख बिटांत भागवले जाते. म्हणजे दर अडीचशे बिटांतला एक उरतो. बाकीचे कुठे जातात, हाच सगळा इतिहास आहे.

ही काटकसर संगणकापूर्वीची आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्याचे ६२५ ओळींचे चित्र एकदम येत नसे. आधी एकाआड एक अशा निम्म्या ओळी येत, मग उरलेल्या निम्म्या. डोळ्याला ही हातचलाखी कळत नसे. पुढे रंग आले तेव्हा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी जागेत बसवली गेली, कारण माणसाचा डोळा उजेडातला फरक बारकाईने टिपतो आणि रंगातला ढोबळपणे. डोळ्याच्या उणिवांवर जगणारे हे शास्त्र आहे.

त्याच १९७२ साली अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात बंगळुरूचे नासिर अहमद एका गणिती कल्पनेसाठी अनुदान मागत होते. ते नाकारले गेले. कल्पना फारच साधी वाटते, असे एका परीक्षकाचे मत पडल्याचे अहमद यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. काम थांबले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' ते हेच. जेपेग छायाचित्रांपासून आजच्या बहुतेक व्हिडिओंपर्यंत सर्वांच्या मुळाशी ही पद्धत किंवा तिची भावंडे आहेत. संगणकाच्या इतिहासात या तिघांची नावे जितकी यावीत तितकी येत नाहीत, हे नमूद करायलाच हवे.

कल्पना अशी. चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन करायचे आणि प्रत्येकातल्या ६४ ठिपक्यांऐवजी ६४ नवे आकडे मांडायचे. पहिला आकडा चौकोनाची सरासरी उजळता सांगतो. पुढचे आकडे आधी सावकाश बदल, मग अधिकाधिक बारीक बदल सांगतात. इथवर काहीच गमावलेले नसते. गमावणे सुरू होते ते पुढच्या पायरीवर, कारण बारीक बदलांचे आकडे ढोबळ केले जातात आणि त्यांतले बहुतेक शून्य होतात. शून्ये साठवायला जागा लागत नाही.

दुसरी युक्ती काळाची. प्रत्येक चित्र नव्याने पाठवायचे नाही, आधीच्या चित्रातला कोणता ठोकळा कुठे सरकला एवढेच कळवायचे. डोंगर लाँचबरोबर सरकत असला तरी तोच असतो, म्हणून स्वस्तात जातो. लाटेचा ठोकळा मात्र पुढच्या क्षणी कुठेच सापडत नाही. प्रत्येक वेळी नवे पाणी. बिटांचा वाटा ठरलेला असेल तर बारीक आकडे निर्दयपणे कापावे लागतात आणि चौकोनांच्या कडा उघड्या पडतात.

या दोन युक्त्यांवर १९८८ साली स्थापन झालेल्या 'एमपेग' गटाचे पहिले मानक उभे राहिले आणि १९९३ मध्ये व्हीसीडी आली. ३५२ × २८८ पिक्सेल, सेकंदाला सुमारे साडेअकरा लाख बिट, एका तबकडीवर ७४ मिनिटे. म्हणून सव्वादोन तासांचा चित्रपट दोन तबकड्यांत यायचा, आणि ऐन रंगात उठून तबकडी बदलावी लागायची. मराठी नाटके घरोघरी पोहोचली ती मोठ्या प्रमाणावर याच तबकड्यांतून. नाटक या पद्धतीला सोयीचे, कारण रंगमंच जागचा हलत नाही. पण काळा पडदा आणि मंद प्रकाश तिला झेपत नाही. अंधारातल्या सूक्ष्म छटा आधी कापल्या जातात आणि काळोखाचे पट्टे दिसू लागतात.

आज अशा तबकड्यांवरची नाटके इंटरनेटवर चढतात तेव्हा त्यांचे दुसऱ्यांदा आकुंचन होते. पहिल्या वेळी उमटलेल्या चौकोनी कडा दुसऱ्या वेळी खऱ्या तपशिलासारख्या दिसतात, आणि त्या जपण्यात बिट खर्च होतात. नटाच्या चेहऱ्यावरची रेषा जाते, ठोकळ्याची कड राहते. एखाद्या प्रयोगाची मूळ टेप हरवली असेल तर अभ्यासकाच्या हाती हेच उरते.

दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चे उदाहरण याहून बोलके आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागलेल्या या चार रिळांच्या चित्रपटाची पहिली आणि शेवटची रिळे तेवढी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, आणि तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत असे काही अभ्यासक मानतात. फिल्मवरचा बारीक रवा प्रत्येक चित्रात बदलतो, म्हणजे कॉम्प्रेशनच्या दृष्टीने तो रेवसच्या वाटेवरच्या पाण्यासारखाच. कमी बिटांत तो पुसला जातो आणि चेहरे मेणाचे वाटतात. २०१८ साली आलेल्या 'एव्ही१' या पद्धतीत तर अशी सोय आहे की मूळ रवा काढून टाकायचा, त्याचे वर्णन तेवढे पाठवायचे आणि पाहणाऱ्याच्या यंत्रावर नवा रवा पसरायचा. डोळ्याला ते छान दिसते. पण पुरावा म्हणून त्या रव्याला काडीची किंमत नाही.

म्हणून संग्रहालये दोन प्रती ठेवतात. एक जतनाची, जिच्यातला एकही बिट टाकलेला नाही, आणि दुसरी पाहण्याची, जिच्यात पडदा व नेटचा वेग पाहून काटछाट केली जाते. जतनासाठीच्या 'एफएफव्ही१' या पद्धतीचे खुले विवरण २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तिने फाइल साधारण निम्म्या-तिहाईवर येते, अडीचशेव्या भागावर नव्हे. ती विनामूल्य आहे आणि घरच्या संगणकावर चालते. आजोबांच्या कपाटातली लग्नाची व्हिडिओ कॅसेट संगणकावर उतरवताना आधी ही प्रत करावी, आणि कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवायची छोटी प्रत तिच्यावरून काढावी.