गाडीवर ई-चलान आहे का? कुठं बघायचं, कुठं भरायचं आणि चुकीचं असेल तर काय करायचं

जुनी मोटारसायकल विकायला काढली, गिऱ्हाईक ठरलं, आणि नाव बदलायला आरटीओत गेल्यावर कळलं की गाडीवर तीन-चार चलान थकलेत. तालुक्याच्या गावांत असे प्रकार आता नवे राहिलेले नाहीत. पूर्वी पोलिसानं अडवलं की जागेवर पावती फाटायची आणि विषय तिथंच संपायचा. आता खांबावरचा कॅमेरा किंवा पोलिसाच्या हातातलं मशीन फोटो काढतं आणि मेसेज जातो तो आरटीओच्या नोंदीत असलेल्या मोबाईल नंबरवर. गाडी घेताना शोरूमवाल्यानं स्वतःचाच नंबर टाकलेला असतो, नाहीतर ते सिम कधीच बंद पडलेलं असतं. मेसेज आला नाही म्हणून चलान रद्द होत नाही. ते गाडीच्या नंबरावर तसंच पडून राहतं, आणि नाव बदलणं, फिटनेस अशी कामं निघाली की आडवं येतं.

चलान शोधायचं कसं

दोन ठिकाणी बघावं लागतं, आणि बरेच जण एकाच ठिकाणी बघून मोकळे होतात. वाहतूक पोलिसांचे चलान 'महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन' या संकेतस्थळावर दिसतात. तिथं गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे. हे आकडे आरसी बुकावर असतात. आरटीओच्या वायुवेग पथकानं केलेली कारवाई मात्र केंद्राच्या 'ईचलान डॉट परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन' या पानावर शोधावी.

चलान सापडलं की आधी रक्कम नाही, फोटो बघावा. तारीख, वेळ, ठिकाण, कलम आणि गाडीचा फोटो नीट वाचावा. गाडी त्या दिवशी गावातच होती का, फोटोतली गाडी आपलीच आहे का, हे तिथंच कळतं. पुण्या-मुंबईला जाऊन आलेल्यांनी तर हे हमखास करावं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा आहे. तिथं सपाटीला मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी.

चलान बरोबर असेल तर त्याच संकेतस्थळावरून भरता येतं. ज्यांना ऑनलाइन जमत नाही, त्यांनी जवळच्या वाहतूक पोलिसांकडं किंवा जिल्हा वाहतूक शाखेत जावं. पैसे भरल्याची पावती मोबाईलमध्ये जपून ठेवावी आणि दोन-चार दिवसांनी चलान 'भरलेलं' दिसतंय का, हे पुन्हा बघावं.

विकलेल्या गाडीचं चलान

सगळ्यात जास्त भांडणं इथं होतात. गाडी शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिली, पैसे घेतले, चावी दिली. कागद मात्र जुन्याच नावावर. दोन वर्षांनी घेणारा हेल्मेटशिवाय फिरतो आणि मेसेज येतो विकणाऱ्याला. स्टॅम्प पेपर हा दोघांतला व्यवहार झाला. आरटीओच्या लेखी ज्याचं नाव, तोच मालक. अपघाताच्या भरपाईबाबत सर्वोच्च न्यायालयानंही २०१८ मध्ये हेच धरलं होतं, म्हणजे प्रश्न फक्त पाचशे-हजाराच्या दंडाचा नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० आहेत. घेणारा टाळाटाळ करत असेल तरी विकणाऱ्यानं आपल्या बाजूनं फॉर्म २९ देऊन पोच घ्यावी. वडील वारले आणि गाडी त्यांच्याच नावावर आहे, अशी घरंही कमी नाहीत. तिथं वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असतो.

चलान चुकीचं असेल तर

कॅमेरा ३ चा ८ वाचतो. कुणीतरी आपल्याच नंबरची बनावट पाटी लावून फिरत असतो. आणि '४१४१' चा 'दादा' करून मिरवणाऱ्याच्या पाटीवरून नंबर उलटसुलट नोंदला गेला, तर भुर्दंड भलत्याच शेतकऱ्याला.

अशा वेळी पैसे भरू नयेत. भरले म्हणजे गुन्हा कबूल, मग तक्रारीला फारसा अर्थ उरत नाही. राज्याच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. त्यासोबत आपल्या गाडीचा पाटी दिसेल असा फोटो, आरसी आणि त्या दिवशी गाडी दुसरीकडं होती याचा काही पुरावा (पेट्रोल पंपाची पावती, साखर कारखान्याची वजनपावती) जोडावा. तेच कागद घेऊन जिल्हा वाहतूक शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच मागून घ्यावी. बनावट पाटीचा संशय असेल तर पोलीस ठाण्यातही तक्रार द्यावी, नाहीतर ती गाडी उद्या मोठ्या गुन्ह्यात सापडायची.

तरीही नाही मिटलं तर कोर्ट. राष्ट्रीय लोक अदालतीत चलानाची प्रकरणं ठेवली जातात, कोर्ट फी लागत नाही. पण दरवेळी व्हॉट्सॲपवर 'निम्मा दंड माफ'चे मेसेज फिरतात, त्यावर विसंबू नये. सवलत मिळेलच असं नाही, आणि लोक अदालतीतल्या निवाड्यावर अपील नसतं. त्यामुळं चूक कबूल असेल तर लोक अदालत सोयीची. चलानच खोटं असेल तर तडजोडीची सही करण्याआधी तालुका विधी सेवा समितीत विचारावं. तालुक्याच्या कोर्टात ही समिती असते. विधी सेवेचा फोन नंबर १५१००.

काही कलमांत चलान भरून सुटका नाही. दारू पिऊन गाडी चालवली तर कोर्टातच जावं लागतं. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वर त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. दहावीच्या पोराला कॉलेजला जायला बुलेट देणाऱ्यांनी एवढं वाचून ठेवावं.

एपीके फाईल उघडू नका

'तुमच्या गाडीचं चलान कापलं आहे' असा मेसेज व्हॉट्सॲपवर येतो आणि खाली 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाईल असते. ती उघडून इन्स्टॉल केली की फोनमधले ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात आणि बँक खातं रिकामं होतं. सरकार चलानासाठी अशी फाईल पाठवत नाही. लिंक आली तर तिच्या पत्त्यात 'जीओव्ही डॉट इन' कुठं आहे ते बघावं. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी, अगदी शेवटी ते असलं पाहिजे. फाईल चुकून उघडली गेलीच तर फोनचं नेट लगेच बंद करावं, दुसऱ्या फोनवरून १९३० ला कळवावं आणि बँकेला सांगून खातं थांबवावं.

आरटीओच्या नोंदीतला मोबाईल नंबर परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून बदलता येतो. त्यासाठी चासी नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख लागते, म्हणून आरसी बुक हाताशी घेऊनच बसावं.