कॅनरी बेटांतील केळी : हवामान, पाणी आणि बाजारपेठ

कॅनरी बेटे आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यालगत, सुमारे २८° उत्तर अक्षांशावर वसली आहेत. कर्कवृत्त त्यांच्या दक्षिणेस राहते. तरीही उष्ण कटिबंधातील केळ तेथे शतकानुशतके फळत आली आहे. तोमास दे बेरलांगा या धर्मोपदेशकाने १५१६ मध्ये याच बेटांवरून केळ हिस्पानिओलास नेल्याची नोंद ओव्हिएदो या इतिहासकाराने केली आहे. तेथील केळीच्या उत्कर्षाचे श्रेय सामान्यतः सौम्य हवामानास दिले जाते. हे स्पष्टीकरण खोटे नव्हे; परंतु ते अपुरे आहे.

तिसऱ्या चार्ल्सच्या आज्ञेने १७८८ मध्ये तेनेरीफे बेटावर ओरोताव्हाच्या खोऱ्यात एक उद्यान स्थापन झाले. उष्ण प्रदेशांतील झाडे तेथे रुळवून पुढे स्पेनच्या मुख्य भूमीवरील राजोद्यानांत न्यावीत, हा त्यामागील हेतू. मुख्य भूमीवरील हिवाळ्यापुढे तो फसला; बेटावर मात्र झाडे जगली. म्हणजे हवामानाची अनुकूलता तेव्हाच सिद्ध झाली होती. तथापि केळीचे व्यापारी पीक उभे राहावयास आणखी सुमारे शंभर वर्षे जावी लागली.

हा विलंब का झाला? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेटांची संपत्ती निवडुंगावर पोसलेल्या कोशिनील किड्यांच्या किरमिजी रंगात होती. कृत्रिम रंगांनी तो व्यापार बुडविला आणि जमीनदारांना दुसरे पीक शोधणे भाग पडले. १८५२ पासून बेटांवरील प्रमुख बंदरे करमुक्त होती. कोळसा घेण्यासाठी थांबणाऱ्या ब्रिटिश आगबोटींना परतीचा माल हवा होता. १८८८ मध्ये फाइफ या लंडनच्या व्यापाऱ्याने कॅनरीची केळी आणविण्यास आरंभ केला. यात जी ठेंगणी जात प्रमुख ठरली, तीच महाराष्ट्रात ‘बसराई’ या नावाने परिचित आहे.

किनाऱ्यावर पाऊस तुटपुंजा. म्हणून डोंगरांच्या पोटात आडवे बोगदे खोदून पाणी काढण्यात आले, आणि लाव्हाच्या खडकाळ भूमीवर उंच भागातील माती वाहून आणून शेते रचण्यात आली. पाण्याची मालकी जमिनीहून वेगळी असे. त्यामुळे ज्याच्याजवळ जमीन होती पण पाण्याचा हिस्सा नव्हता, त्यास पाणी विकत घ्यावे लागे. पिकाचा नफा कोणाच्या पदरी पडणार, हे पुष्कळदा येथेच ठरले.

पहिल्या महायुद्धात निर्यात कोसळली. पुढे स्पेनची मुख्य भूमी हीच प्रधान गिऱ्हाईक ठरली. १९७२ च्या कायद्याने ती बाजारपेठ कॅनरीच्या फळासाठी राखून ठेवली. १९९३ मध्ये हे संरक्षण युरोपीय व्यवस्थेत विलीन झाले व त्याची जागा प्रामुख्याने अनुदानाने घेतली. २०२१ मध्ये ला पाल्मा येथील ज्वालामुखीच्या लाव्ह्याने केळीच्या कित्येक बागा गाडल्या.

भाजलेल्या धान्याचे, आपल्या सातूसारखे, ‘गोफिओ’ नावाचे पीठ बेटांवरील लोक केळे कुस्करून त्यात कालवून खातात. ताटातील हा साधा पदार्थ बाजारभावावर अवलंबून नाही. बागायतदार मात्र आरंभापासून त्यावरच अवलंबून राहिला. झाड जगविण्याचे काम हवामानाने केले. त्याचे पीक घडविले ते पाणी, आगबोट आणि कायदा यांनी.