चार्जर, विद्युत वाहनांचे (हिंगोली जिल्हा)
घरी वा इमारतीत विजेवरची वाहने चार्ज करण्याची सोय व तिच्याबाबतचे नियम. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात हे नियम स्थानिक पातळीवर ठरत नाहीत. सुरक्षेचे निकष केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे, वीजदर राज्य वीज नियामक आयोगाचे आणि बांधकामाचे नियम राज्याच्या नगरविकास विभागाचे. नव्या जोडणीचा अर्ज मात्र महावितरणकडेच करायचा.

स्वतःची गाडी घरच्या मीटरवर चार्ज केल्यास घरगुती दरच लागतो. स्कूटरला साधा सॉकेट पुरतो, मोटारीचा ७.४ किलोवॅटचा चार्जर एकटाच ३२ अँपिअर ओढतो, म्हणून आधी मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांतील २०२४ च्या केंद्रीय दुरुस्तीने वाहनासाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क दिला. परिपूर्ण अर्जानंतर नव्या जोडणीची मुदत नगरपालिका हद्दीत सात, तर ग्रामीण भागात पंधरा दिवस आहे.

सुरक्षेच्या निकषांनुसार सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवा, उभी गाडी त्यापासून पाच मीटरच्या आत असावी आणि प्रत्येक चार्जिंग पॉइंटला ३० मिलिअँपिअरपर्यंतचे स्वतंत्र गळतीरोधक उपकरण (बाजारात ‘आरसीसीबी’) असावे. एक्स्टेंशन बोर्ड वापरण्यास मनाई आहे. खिडकीतून अंगणात वायर सोडून स्कूटर चार्ज करणाऱ्यांना हे ठाऊक नसते. जुन्या घरांत अर्थिंगच धड नसल्याने धोका वाढतो.

घरगुती जोडणीवरून पैसे घेऊन इतरांच्या गाड्या चार्ज करणे हा वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरू शकतो; आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. जिल्ह्यातील औंढा नागनाथ तीर्थक्षेत्री येणाऱ्या भाविकांसाठी कोणी सशुल्क सोय केल्यास त्याला वीजविक्रीचा परवाना लागत नाही (केंद्राचे स्पष्टीकरण, एप्रिल २०१८). चार्जिंग केंद्राच्या वर्गातली वेगळी जोडणी मात्र हवी.

इमारतींबाबत केंद्राच्या २०१९ च्या आदर्श उपविधी-दुरुस्तीत एकूण वाहनक्षमतेच्या २० टक्के गाड्यांसाठी चार्जिंगची तरतूद सुचवली आहे. राज्याच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणाने नव्या निवासी प्रकल्पांना तेवढेच प्रमाण घालून दिले होते. हे सारे वाहनतळ असलेल्या मोठ्या संकुलांना धरून लिहिलेले आहे. हिंगोली जिल्ह्यातील वस्ती मात्र मुख्यत्वे खेड्यांत, स्वतंत्र घरांची. तेथे बांधकामाच्या अटींपेक्षा अर्थिंग आणि मंजूर भार हेच कळीचे मुद्दे ठरतात.