गाण्याची नोंद आणि कर्त्याचा वाटा

१८४७ सालची गोष्ट. पॅरिस शहरांतील शाँझेलिझे या विख्यात राजमार्गावरील एका उपाहारगृहांत खाद्यपेयांबरोबर गायनवादनही ऐकावयास मिळे. एर्नेस्त बुर्जे नांवाचा गीतकार तेथें बसला असतां त्याचीच रचना गाइली गेली. तेव्हां त्यानें घेतलेल्या पेयाचे पैसे देण्याचें नाकारलें, अशी हकीकत सांगतात. मालकास गाणें फुकट, तर कवीस पेय फुकट कां नसावें, असा त्याचा रोखठोक सवाल होता.

वाद न्यायालयांत गेला. मूळ तत्त्व कांहीं नवें नव्हतें. नाटककाराच्या संमतीवांचून त्याचें नाटक रंगभूमीवर आणूं नये, असा कायदा राज्यक्रांतीच्या काळांत, १७९१ सालींच झाला होता. उपाहारगृहांतील सुट्या गाण्यांस मात्र तो न्याय कोणी लावीत नसे. १८४९ सालीं पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयानें बुर्जेच्या बाजूचा निकाल कायम केला.

परंतु निकाल हातीं आला म्हणजे द्रव्य हातीं आलें असें नव्हे. एकटा गीतकार किती गांवीं आणि किती मैफलींस हजर राहणार? म्हणून १८५१ सालीं गीतकार, संगीतकार व प्रकाशक यांनीं एकत्र येऊन 'सासेम' ही संस्था काढली. सर्वांच्या वतीनें मोबदला वसूल करावा व तो ज्याचा त्यास पोंचवावा, हें तिचें काम. पुढें १९१४ सालीं लंडन व न्यूयॉर्क येथें अशाच संस्था निघाल्या. प्रवेशशुल्क न घेणाऱ्या भोजनगृहांतील संगीतही नफ्यासाठींच असतें, हें तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९१७ सालीं मान्य केलें.

वसुली सोपी, वांटणी कठीण. कोणत्या दिवशीं, कोणत्या ठिकाणीं, कोणाची कोणती रचना सादर झाली, याची यादी आल्यावांचून पैशाचा धनी ठरत नाहीं. यादी न आल्यास नमुन्यावरून अदमास बांधावा लागतो. अशा अदमासांत नामवंताची रचना सहसा सुटत नाहीं. क्वचितच गाइल्या जाणाऱ्या रचनेचा कर्ता मात्र नेमका वगळला जातो. ज्यास त्या अल्प रकमेची खरी निकड, त्याचेंच नांव गळावें, हा विपर्यास होय.

हिंदुस्थानांत १९५७ सालीं स्वतंत्र कायदा झाला आणि १९६९ सालीं मुंबईस 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' स्थापन झाली. तथापि मोबदला देऊन चित्रपटासाठीं करवून घेतलेल्या संगीताचा पहिला धनी, उलट करार नसल्यास, निर्माताच होय, असें १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. हें शल्य २०१२ सालच्या दुरुस्तीनें बरेंच दूर झालें. चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या उत्पन्नांत गीतकार व संगीतकार यांचा समान वांटा आतां करारानेंही हिरावून घेतां येत नाहीं. धार्मिक विधि व लग्नाची वरात यांतील गायनवादनास मात्र कायद्यानेंच सूट आहे.

कायद्यानें हक्क दिला. तो घरीं पोंचविण्याचें काम मैफलीनंतर लिहिलेल्या त्या चार ओळी करितात. गायकाच्या वांट्यास टाळ्या जागच्या जागीं येतात. पडद्यामागें राहिलेल्या कर्त्याचें नांव कागदावर उतरलें, तरच त्याचा वांटा त्याजपर्यंत पोंचतो.