जलप्राप्त लोहवस्तू : ओळख आणि जतन

यवतमाळ जिल्ह्याच्या एका सीमेवरून वर्धा वाहते, दक्षिणेकडून पैनगंगा. हा प्रदेश विदर्भाच्या लोहयुगीन पट्ट्यात मोडतो, हे बाभुळगाव तालुक्यातील पाचखेड येथे नागपूर विद्यापीठाने २०२३-२४ मध्ये केलेल्या उत्खननाने अधिक स्पष्ट झाले आहे. तेथील लोखंड मातीतून मिळाले. परंतु नदीच्या वाळूतून अथवा जलाशयाच्या गाळातून जे लोखंड हाती येईल, त्याचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा; कारण पाण्यातून काढलेली लोहवस्तू बाहेर आल्यानंतरच खऱ्या अर्थाने नष्ट होऊ लागते.

लोखंडावरील मळाला मराठीत ‘कीट’ हा शब्द आहे. संस्कृत ‘किट्ट’ शब्दाचाच तो वंशज. रसग्रंथांनी ह्या किट्टाची, म्हणजे मंडुराची, वयानुसार प्रत ठरविली आहे : शंभर वर्षांचे उत्तम, ऐंशीचे मध्यम, साठीचे कनिष्ठ. वैद्याने जे मोलाचे मानले, ते इतिहासाच्या अभ्यासकाने खरवडून फेकावे, हे चमत्कारिक होय. वस्तूचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदा धातूवर नसतोच. तो गंजाच्या थरात असतो. दांड्याच्या लाकडाची धाटणी, गुंडाळलेल्या वस्त्राची वीण ह्यांचे ठसेही त्याच थरात लोहसंयुगांच्या रूपाने टिकतात.

नायकुंड व माहुरझरी येथील कुऱ्हाडींचे उदाहरण घ्यावे. त्यांच्या सपाट पात्यावर दांडा आवळण्यासाठी आडव्या लोखंडी पट्ट्या असत. विदर्भातील महापाषाणीय संस्कृतीची ती एक खूणच. आता ह्या पट्ट्या गंजात मिसळून गेल्या असतील आणि कोणी अम्लाने पाते लखलखीत केले, तर नोंदवहीत कुऱ्हाडीची ‘पटाशी’ होते व पुढील संशोधक तिच्यावरून सुतारकामाचा सिद्धान्त मांडतो! नाव चुकीचे पडले की ते निघता निघत नाही. सपाट कुऱ्हाडींना इंग्रजी अहवालांत जो ‘सेल्ट’ शब्द योजतात, तोच पाहावा. बायबलच्या लॅटिन भाषांतरातील ईयोबाच्या ग्रंथात कोणा नकलकाराने ‘चेर्ते’ म्हणजे ‘निश्चित’ ह्या शब्दाऐवजी भलतेच अक्षर घातले. त्यातून छिन्नीवाचक शब्द निघाला, असे बहुतेक विद्वानांचे मत आहे. भाषाशास्त्राचा अभ्यासक ह्या शब्दाकडे पाहून हसेल. पुरातत्त्वज्ञ मात्र तो अजून वापरतातच.

म्हणून प्रथम क्ष-किरण छायाचित्र, मग स्वच्छता, हाच क्रम असावा. काही कवचांच्या आत धातू उरलेलाच नसतो. केवळ पोकळी असते. त्या पोकळीत राळ ओतून लुप्त वस्तूचा आकार परत मिळविता येतो.

पाणी कोणते, ह्यावरही पुष्कळ अवलंबून असते. प्राणवायू न पोहोचणाऱ्या गोड्या पाण्याच्या गाळात लोखंड आश्चर्यकारकरीत्या टिकते. त्यावर कधी हवा लागताच निळे पडणारे लोहाचे फॉस्फेट आढळते. समुद्राची गोष्ट वेगळी. गोव्याजवळील सुंची खडकाशी बुडालेल्या सतराव्या शतकाच्या प्रारंभीच्या पोर्तुगीज गलबताचा शोध दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने घेतला, त्यात लोखंडी तोफा व नांगर आढळले. अशा ओतीव लोखंडातील लोह विरघळून जाते आणि मागे ग्रॅफाइटचा सांगाडा उरतो : आकार तोफेचाच, पण चाकूने कापता येईल इतका मऊ. शिवाय खाऱ्या पाण्यातील क्लोराइड आत खोल शिरतात. वस्तू उघड्यावर वाळली की त्यांच्यामुळे नवा गंज फुगतो, पापुद्रे सुटतात, पृष्ठभागावर पिवळसर थेंब पाझरतात.

ह्यावर उपाय धीराचा आहे. वस्तू ओलीच ठेवावी. नंतर सुमारे २ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, क्लोराइड येणे थांबेपर्यंत द्रावण बदलीत, बुडवून ठेवावी. लहान वस्तूला महिने लागतात, तोफेला वर्षे. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातील नॉर्थ व पिअर्सन ह्यांनी अल्कधर्मी सल्फाइटची पद्धत सुचविली, तीमुळे हा काळ कमी झाला. त्यानंतर वाळविणे, टॅनिक अम्ल आणि शेवटी मेणाचा लेप.

आपल्या हवामानाची एक फसवणूक येथे सांगितली पाहिजे. यवतमाळच्या वैशाखात कपाटातील लोखंड अगदी शांत दिसते, कारण हवाच कोरडी असते. मृगाच्या सरी आल्या, हवेत दमटपणा भरला, की तेच लोखंड पुन्हा पाझरू लागते. तेव्हा जतन झाले की नाही, ह्याची तपासणी उन्हाळ्यात करू नये. श्रावणात करावी, आणि तोवर वस्तू सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.