सुपरमार्केटचे पॉइंट मुदत संपण्याआधी कसे वापरायचे? बिलाच्या तळाशी दडलेला हिशेब समजून घ्या

"मोबाइल नंबर सांगा." सुपरमार्केटच्या काउंटरवर हे वाक्य ऐकलं नाही असा ग्राहक शहरात आता क्वचितच सापडेल. नंबर सांगितला जातो, बिल निघतं, पिशव्या उचलल्या जातात आणि बिलाच्या तळाशी छापलेली 'शिल्लक पॉइंट' ही ओळ न वाचताच कागद कचऱ्यात जातो.

काही महिन्यांनी मेसेज येतो : तुमचे पॉइंट या महिन्याअखेर संपत आहेत. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर मेसेजकडे दुर्लक्ष होतं आणि पॉइंट बुडतात. नाहीतर पॉइंट वाया जाऊ नयेत म्हणून घाईघाईत नको असलेलं सामान घरात येतं. दोन्हीकडे नुकसान ग्राहकाचंच.

हे टाळता येतं. त्यासाठी पॉइंटचा हिशेब पॉइंटमध्ये न करता रुपयांत करावा लागतो.

पॉइंट म्हणजे दुकानाने दिलेलं बक्षीस असतं का?

जाहिरातीत तसं म्हटलं जातं. दुकानाच्या जमाखर्चात मात्र पॉइंट वेगळ्या नावाने दिसतात. भारतात मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या 'इंड एएस ११५' या लेखा मानकानुसार ग्राहकाने पुढच्या खरेदीत वापरायचे पॉइंट ही कंपनीची देणी असतात. म्हणजे हजार रुपयांच्या विक्रीवर पॉइंट दिले, तर कंपनीला पूर्ण हजार रुपये लगेच उत्पन्न म्हणून दाखवता येत नाहीत. पॉइंटच्या किमतीएवढा हिस्सा बाजूला ठेवावा लागतो. ग्राहकाने पॉइंट वापरले किंवा त्यांची मुदत संपली, की तो हिस्सा उत्पन्नात जमा होतो.

किती पॉइंट कधीच वापरले जाणार नाहीत, याचा अंदाजही कंपन्या आधीच बांधतात. या न वापरल्या जाणाऱ्या हिश्श्याला व्यवसायाच्या भाषेत 'ब्रेकेज' म्हणतात. थोडक्यात, पॉइंटचे पैसे ग्राहकाने आधीच दिलेले असतात. ते परत घ्यायचे की सोडून द्यायचे, एवढंच त्याच्या हातात उरतं.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेत १८९६ मध्ये स्पेरी अँड हचिन्सन कंपनीने खरेदीवर तिकिटं द्यायला सुरुवात केली. ती वहीत चिकटवायची आणि वही भरली की वस्तू घ्यायची. ब्रिटनमध्ये टेस्कोही अशी तिकिटं देत असे. १९७७ मध्ये टेस्कोने ती बंद केली आणि १९९५ मध्ये 'क्लबकार्ड' आणलं. चिकटवायच्या तिकिटांची जागा कार्डाने घेतली आणि कोणता ग्राहक काय, किती आणि कधी विकत घेतो, याची नोंदही दुकानाकडे जमा होऊ लागली.

भारतात 'पेबॅक' ही अनेक दुकानांची सामायिक योजना बिग बाजारसारख्या साखळ्यांमुळे घराघरांत पोहोचली. टाटा समूहाने एप्रिल २०२२ मध्ये 'टाटा न्यू' अ‍ॅप सुरू केलं. त्यातलं एक 'न्यूकॉइन' एका रुपयाचं. डीमार्टसारख्या साखळीने मात्र पॉइंटऐवजी रोजच किंमत कमी ठेवण्याचा मार्ग धरला. म्हणजे पॉइंट मिळतात म्हणून ते दुकान स्वस्त, असं समीकरण नसतं.

एका पॉइंटची किंमत किती?

पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, कारण प्रत्येक योजनेत उत्तर वेगळं असतं. पेबॅकचा एक पॉइंट २५ पैशांचा होता. ब्रिटनमधल्या सेन्सबरीजमध्ये चालणाऱ्या 'नेक्टर'चे ५०० पॉइंट म्हणजे अडीच पौंड. टेस्कोच्या १५० पॉइंटचं दीड पौंडाचं व्हाउचर होतं. आकडा मोठा दिसला म्हणजे रक्कम मोठी असतेच असं नाही.

हिशेब सोपा आहे. समजा, १०० रुपयांच्या खरेदीवर एक पॉइंट मिळतो आणि त्याची किंमत ७० पैसे आहे. महिन्याला ८,००० रुपयांचं सामान भरणाऱ्या घराला ८० पॉइंट, म्हणजे ५६ रुपये मिळतील. वर्षाचे झाले ६७२ रुपये. एवढ्यात तेलाच्या काही पिशव्या येतात, म्हणून सोडून देण्यासारखी ही रक्कम नाही. पण हा परतावा एक टक्क्याहूनही कमी आहे. शेजारच्या वाण्याकडे तीच डाळ किलोमागे पाच रुपयांनी स्वस्त मिळत असेल, तर पॉइंटसाठी लांबच्या दुकानात जाण्यात फायदा नाही.

मुदत कशी मोजली जाते?

गोंधळ बहुतेक इथेच होतो. 'मुदत एक वर्ष' असं लिहिलेलं असलं, तरी वर्ष कधीपासून मोजायचं हे अटींमध्ये पाहावं लागतं. साधारणपणे पुढच्या पद्धती आढळतात :

- जमा झाल्याच्या तारखेपासून : प्रत्येक खरेदीच्या पॉइंटची मुदत वेगळी. जूनमधले पॉइंट पुढच्या जूनमध्ये संपतात, जुलैमधले जुलैमध्ये. बहुतेक ठिकाणी सर्वांत जुने पॉइंट आधी वापरले जातात.
- शेवटच्या व्यवहारापासून : खातं ठरावीक काळ वापरलंच नाही, तर सगळे पॉइंट एकदम जातात. नेक्टरमध्ये १२ महिने हालचाल नसेल तर असं होतं. अशा योजनेत मुदतीआधी एक छोटीशी खरेदी केली तरी शिल्लक वाचते.
- ठरलेल्या तारखेला : ३१ मार्च किंवा ३१ डिसेंबर. पॉइंट केव्हाही मिळालेले असोत, त्या दिवशी जातात.
- बोनस पॉइंट : दिवाळी किंवा वाढदिवसानिमित्त मिळालेले जादा पॉइंट. यांची मुदत अनेकदा फारच कमी, काही आठवड्यांचीच असते.
- व्हाउचर : पॉइंटचं व्हाउचर झालं की त्याची मुदत वेगळी सुरू होते. टेस्कोचं व्हाउचर दोन वर्षं चालतं.

पाचही प्रकारांवर मात करणारी एक शक्यता उरते, ती म्हणजे योजनाच बदलणं. टेस्कोचं व्हाउचर भागीदार कंपन्यांकडे, म्हणजे हॉटेल किंवा सहलीसाठी वापरलं तर पूर्वी तिप्पट किंमत मिळायची. जून २०२३ पासून ती दुप्पट झाली. भारतात २०२२ मध्ये बिग बाजारची अनेक दुकानं रिलायन्सने ताब्यात घेतली आणि 'बिग बाजार' हे नाव रस्त्यावरून दिसेनासं झालं. त्याच वर्षी पेबॅकचंही नाव बदलून 'झिलियन' झालं.

बँकेतल्या पैशांवर निदान व्याज मिळतं. पॉइंटवर ते मिळत नाही आणि त्यांची किंमत दुकान ठरवतं. थेंबे थेंबे तळे साचे हे खरं, पण या तळ्याला गळती आहे. म्हणून पॉइंट वर्षानुवर्षं साठवण्यात शहाणपण नाही.

मुदत जवळ आली तर काय करायचं?

१. शिल्लक आणि तारीख पाहावी. बिलाचा तळ, दुकानाचं अ‍ॅप किंवा ग्राहक सेवा काउंटर यांपैकी कुठेही ही माहिती मिळते. 'एकूण पॉइंट' आणि 'वापरता येण्याजोगे पॉइंट' हे आकडे वेगळे असू शकतात. नुकत्याच केलेल्या खरेदीचे पॉइंट काही दिवसांनी खुले होतात.

२. किमान मर्यादा तपासावी. काही ठिकाणी ठरावीक पॉइंट जमल्याशिवाय ते वापरता येत नाहीत, तर काही ठिकाणी ठरावीक रकमेचं बिल लागतं.

३. महिन्याच्या यादीतच पॉइंट वापरावेत. तेल, डाळ, पीठ, कपड्यांची पावडर या गोष्टी घरात येणारच असतात. त्यांच्या बिलातून पॉइंटची रक्कम वजा झाली, तर तेवढे रुपये खरोखर वाचतात.

४. बिल पूर्ण होण्याआधी सांगावं. पैसे दिल्यावर 'पॉइंट वापरायचे होते' म्हटलं तर बिल रद्द करून पुन्हा करावं लागतं आणि गर्दीच्या वेळी ते कोणी करत नाही. सामान पट्ट्यावर ठेवतानाच सांगितलेलं बरं.

५. घरात एकच नंबर द्यावा. आई, बाबा आणि मुलगी यांनी आपापले नंबर दिले, तर तीन खात्यांत थोडे थोडे पॉइंट पडून राहतात आणि एकातही किमान मर्यादा गाठली जात नाही.

६. नंबर बदलला तर दुकानात कळवावं. बंद झालेला मोबाइल क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. जुन्या नंबरवर अडकलेले पॉइंट मग हाती लागणं कठीण.

पॉइंट नको असतील, तर नंबर न देण्याचीही मोकळीक आहे. मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल देणार नाही असा आग्रह दुकानदारांनी धरू नये, असं केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केलं होतं.

पॉइंट वाचवण्यासाठी जादा खरेदी करावी का?

नाही. ५६ रुपयांचे पॉइंट संपत आहेत म्हणून १,५०० रुपयांचं नको असलेलं सामान घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. अशा वेळी पॉइंट बुडाले तर ५६ रुपये जातात. ते वाचवायला गेलं तर १,४४४ रुपये जातात.

तरीही माणसं हे करतात आणि त्यामागचं कारण अभ्यासलं गेलं आहे. जोसेफ न्यून्स आणि झेव्हियर ड्रेझ या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गाड्या धुण्याच्या केंद्रावर ग्राहकांना दोन प्रकारची कार्डं दिली. एका कार्डावर आठ शिक्के हवे होते. दुसऱ्यावर दहा हवे होते, पण दोन आधीच मारलेले होते. दोन्हीकडे गाडी आठच वेळा धुवायची होती. पहिलं कार्ड १९ टक्के ग्राहकांनी पूर्ण केलं, दुसरं ३४ टक्क्यांनी. थोडा रस्ता आधीच कापला आहे असं वाटलं की माणूस तो पूर्ण करायला धावतो. 'अजून फक्त ४० पॉइंट' हा मेसेज याच स्वभावावर बेतलेला असतो.

'आजच पॉइंट संपतील' हा मेसेज खरा की खोटा?

मुदत संपण्याची भीती फसवणूक करणाऱ्यांनाही उपयोगी पडते. स्टेट बँकेच्या रिवॉर्ड पॉइंटच्या नावाने आलेल्या मेसेजमधून अ‍ॅप डाउनलोड करायला सांगितलं जात असल्याचा इशारा पीआयबी फॅक्ट चेकने २०२४ मध्ये दिला होता. सुपरमार्केटच्या नावानेही हाच डाव खेळता येतो.

नियम एकच लक्षात ठेवावा. पॉइंट वापरताना काउंटरवर ओटीपी मागितला जाऊ शकतो, पण तेव्हा ग्राहक स्वतः दुकानात उभा असतो आणि मागणी त्याने केलेली असते. फोनवर कुणी ओटीपी मागितला, मेसेजमधल्या लिंकवर कार्डाचा नंबर विचारला किंवा एखादी फाइल बसवायला सांगितली, तर ती फसवणूक समजावी. लिंकला हात न लावता दुकानाचं अ‍ॅप स्वतः उघडून शिल्लक पाहावी. पैसे गेलेच, तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी.

मुदत संपलीच, तर पॉइंट परत मिळतात का?

भारतात हे मुख्यतः योजनेच्या अटींवर अवलंबून असतं. मुदत नुकतीच संपली असेल, तर ग्राहक सेवेला विनंती करून पाहायला हरकत नाही. पण तो हक्क नव्हे, दुकानाची मर्जी. पूर्वसूचना न देता अटी बदलल्या किंवा शिल्लक असूनही पॉइंट नाकारले, तर मात्र बिल आणि मेसेजचे फोटो जपून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

ग्राहकांनी आवाज उठवला तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण कॅनडात आहे. तिथल्या 'एअर माइल्स' योजनेचे पॉइंट किराणा दुकानांतही मिळत. पाच वर्षांहून जुने पॉइंट ३१ डिसेंबर २०१६ पासून रद्द होणार होते. ते वापरण्यासाठी झुंबड उडाली आणि तक्रारींचा पाऊस पडला. अखेर डिसेंबरच्या सुरुवातीला कंपनीने निर्णय मागे घेतला. त्याच महिन्यात ओंटारिओ प्रांताने कायदा केला : केवळ काळ लोटला म्हणून पॉइंट रद्द करता येणार नाहीत. टोरांटो परिसरातल्या मराठी कुटुंबांनाही हे संरक्षण मिळतं.

भारतातल्या ग्राहकाला तूर्त स्वतःच लक्ष ठेवावं लागेल. त्यासाठी फार काही करावं लागत नाही. पुढच्या वेळी सामान भरून झालं की बिल फेकण्याआधी त्याची शेवटची ओळ वाचावी आणि मुदतीची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवावी.